हाताखालचा चुना

नगर जिल्ह्यात दगडाला तोटा नाही. विहीर खणा नाहीतर घराचा पाया घ्या, थोड्याच खोलीवर पहार खणखणते. चुना मात्र शोधावा लागतो. काळ्या पाषाणाच्या या मुलखात चुनखडकाचे डोंगर नाहीत. आहे तो चुना ओढ्याच्या दरडीत, काळ्या मातीखालच्या थरात, बोराएवढ्या-लिंबाएवढ्या ओबडधोबड खड्यांत. शेतकरी या खड्यांना वैतागलेला असतो, कारण चुनखडीच्या रानात उभ्या पिकाचं पान पिवळं पडतं. पण हेच खडे वेचून, सरपणाच्या थरांत रचून, भाजून काढले आणि त्यांवर आपल्याकडचे वाडे, बारवा, नदीचे घाट उभे राहिले. रानाला जे नको होतं ते भिंतीच्या कामी आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भट्टीत साधारण ९०० अंशांची धग लागली की खड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरते कळी. तिच्यावर पाणी पडलं की ती चरचरते, वाफा सोडते, फुगते, फुटते. तेव्हा जाणता माणूस दोन पावलं मागं उभा राहतो. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती. चुना विरला, निवला, की मग हातांचं काम सुरू होतं.

मोठ्या बांधकामाला घाणी असे: गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल. पण एखादा ढासळलेला कोपरा बांधायचा, पायरीचे सांधे भरायचे, तर घाणी कोण मांडणार? तिथे फरशीवर फावड्यानंच चुना कालवतात. आधी चुना आणि चाळलेली वाळू कोरडीच परतायची, पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंत. ओलीचं काम असेल तर विटेची भुकटी, म्हणजे सुरखी. मग मधोमध आळं करून पाणी. हे पाणी हातानं शिंपडून घालायचं, बादली उपडी करायची नाही. एका वयस्क गवंड्यानं मला सांगितलेलं वाक्य अजून कानात आहे: "त्यो मागंल तेवढंच पानी द्यायचं. आपल्या मनानं द्यायचं न्हाई."

चुना पाणी मागतो ते फावड्याला कळतं. सुरुवातीला तो कोरडा, हट्टी असतो, फावड्याखाली सरकत नाही. नवख्याला इथंच पाणी वाढवायचा मोह होतो. जुना माणूस पाणी न घालता नुसता मळत राहतो, लाकडी मोगरीनं कुटतो, उलटतो, पुन्हा कुटतो. भाकरीचं पीठ मळता मळता जसं तळव्याखाली अचानक एकजीव होतं, तसा चुना एका क्षणी मऊ येतो, पाणी न वाढवताच. तो गोळा करणीवर घेऊन करणी उपडी केली तरी पडत नाही. कुणी त्यात गुळाचं पाणी घालतं, कुणी बेलफळाचा गर. पण त्या मऊपणाला कष्टाखेरीज दुसरा मसाला नाही, असं मला वाटतं.

शुद्ध चुना विरवून पाण्याखाली महिनोन्‌महिने ठेवला तर चांगला मुरतो. आपल्या खड्यांच्या चुन्याचं तसं नाही. खड्यात मातीचा अंश असतो; त्यामुळे हा चुना ओलीतही घट्ट होतो, म्हणून बारवेला आणि घाटाला तो हवाच. पण एकदा कालवला की फार थांबत नाही. सकाळचा सकाळी संपवायचा. किती माणसं दगड बसवणार, किती चुना लागणार, याचा हिशेब पहिलं फावडं मारण्याआधी डोक्यात असावा लागतो.

नगरचा भुईकोट पाहताना मला नेहमी १५९६ सालची ती रात्र आठवते. हुसेन निजामशहानं १५५९ ते १५६२ या काळात हा किल्ला दगडात बांधून काढला. पुढे मुराद शहाजाद्याच्या मोगल फौजेनं सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं. चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात ते बांधून घेतलं. इतिहास तलवारीचं कौतुक करतो. मला त्या अंधारात दगड वाहणारी, मिळेल तो गारा कालवणारी माणसं दिसतात. चुना एका रात्रीत घट्ट होत नाही. उजाडताना ती भिंत आतून ओलीच असणार. ती उभी होती दगडाच्या वजनावर आणि दगडात दगड नीट बसवणाऱ्या हातांवर.

आणि हेच चुन्याच्या कामाचं मर्म आहे. रतनवाडीच्या अमृतेश्वरासारखं देऊळ घडीव दगडांच्या खाचांवर तोललेलं असतं. साध्या भिंतीला तेवढी घडाई परवडत नाही, म्हणून दगडांमध्ये चुना येतो. तिथे तो दगडाहून कमजोर असावा लागतो. भिंत उन्हानं ताणली जाते, पावसानं भिजते, पाया किंचित खचतो. तो ताण सांधा स्वतःवर घेतो, दगड शाबूत राहतो. आतली ओल सांध्यातूनच बाहेर पडते. हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून चुना वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत जातो; बारीक चीर पडली तर काही वेळा तीही आपोआप भरून येते.

अशा सांध्यावर सिमेंट फासलेलं दिसलं की जीव तुटतो. सिमेंट ओलीला वाट देत नाही. अडलेलं पाणी शेजारच्या दगडात शिरतं, क्षार फुलतात, कपच्या निघतात. फासणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण नुकसान व्हायचं ते होतंच.

आता जागोजाग तरुण मुलं बारवांतला गाळ उपसतात आणि मग निखळलेल्या पायऱ्यांपाशी थबकतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: सिमेंटची गोणी आणण्याआधी पंचक्रोशीत चुना कालवलेला म्हातारा गवंडी शोधा. गाळ उन्हाळ्यात काढा, सांधे दिवाळीनंतर भरा. तेव्हा ऊन कोवळं असतं, भरलेला सांधा घाईनं सुकत नाही. वर ओलं गोणपाट टाकून ठेवा. आणि त्या म्हाताऱ्याच्या हाती करणी द्या, तुम्ही फावडं घ्या.