डिस्प्ले येत नाही

उमरगा तालुक्यातल्या मुरुमसारख्या गावात कॉम्प्युटर हळू चालायला लागला की गिऱ्हाईक आधी प्रोसेसरचं बोलतं: आय थ्रीचा आय फाईव्ह करून द्या. बोर्ड कोणता, हे कुणी सांगत नाही. तो डब्यात झाकलेला असतो आणि त्याचं स्टिकर बाहेर लागत नाही. पण कोणता प्रोसेसर चालणार हे मशीन घेतलं त्याच दिवशी बोर्डाने ठरवून टाकलेलं असतं. शिवाय आय फाईव्ह हे काही मालाचं पूर्ण नाव नव्हे. 2011 चा आय फाईव्ह 1155 च्या सॉकेटचा, 2013 चा 1150 चा, 2020 चा 1200 चा.

सॉकेट जुळला की काम झालं, हा गैरसमज जास्त महागात पडतो, कारण तिथे प्रोसेसर बसतो तरी चालेलच असं नाही. इंटेलने 2015 साली सहाव्या जनरेशनसाठी 1151 चा सॉकेट आणला. 2017 मध्ये आठवी जनरेशन आली, तीही 1151 चीच. जुन्या बोर्डावर ती ठेवली तर लिव्हर नीट लागते, पंखा फिरतो, डिस्प्ले मात्र येत नाही. आय थ्रीचे कोअर दोनाचे चार झाले होते, आय सेव्हनचे चाराचे सहा. जास्त वीज लागणार म्हणून पूर्वी राखीव असलेल्या काही पिना विजेला दिल्या, आणि चिपसेटही 300 मालिकेचाच हवा झाला. ही बोर्ड खपवायची युक्ती आहे, असं कुणी म्हटलं तर मी त्याला खोडून काढणार नाही. हौशी लोकांनी बायोसमध्ये फेरफार करून जुन्या बोर्डांवर आठवी जनरेशन चालवून दाखवली आहे. एएमडीने तर 2016 चा एएम फोर सॉकेट वर्षानुवर्षं टिकवला आणि 2022 मध्ये आपल्या पहिल्या 300 मालिकेच्या बोर्डांनाही रायझन 5000 ची वाट मोकळी केली. पण ती वाटही बायोसमधूनच जाते. जुना बायोस नव्या प्रोसेसरला ओळखत नाही, म्हणून अपडेट सहसा जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच मारावं लागतं, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर पावसाळी दुपारी तो उद्योग करूच नये. मध्येच लाईट गेली तर बोर्डच जायचा. एएम फोरवर आणखी एक खोड आहे: कूलरखालची पेस्ट वाळलेली असली की कूलर ओढताना बंद सॉकेटातून प्रोसेसर उपसून येतो, खालच्या 1331 पिनांसकट. मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करावी आणि कूलर आधी डावी-उजवीकडे हलके पिळावा.

मग सगळंच बदला ना, असं म्हणणारे असतात. बोर्ड बदलला की डीडीआर थ्रीची रॅम बाद होते, तिची खाच डीडीआर फोरच्या जागी बसत नाही. ब्रँडेड डबा असेल तर त्याचा एसएमपीएसही अनेकदा साध्या बोर्डाला जुळत नाही. सातबारा काढणाऱ्या, पीक विम्याचे अर्ज भरणाऱ्या ई-सेवा केंद्रात खोळंबा बहुतेक वेळा जुन्या हार्ड डिस्कचा असतो. तिथे एसएसडी टाकावी, रॅम वाढवावी, प्रोसेसरला हात लावू नये. एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ची इंटेलची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या जनरेशनपासूनच सुरू होते. म्हणजे 1151 जिथे फुटला, तिथेच ही रेघ पडली आहे. सहाव्या जनरेशनच्या बोर्डावर सातव्याचा आय सेव्हन घालणारा माणूस रेघेच्या अलीकडेच राहतो. तिथे मी बोर्डच बदला म्हणतो. सोलापूरला माल आणायला जाण्याआधी डबा उघडून स्लॉटांमधल्या जाड पांढऱ्या अक्षरांतल्या बोर्डाच्या नावाचा फोटो घ्यावा. रेव्हिजन नंबर कोपऱ्यात बारीक असतो. तो वेगळा निघाला तर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादीही वेगळी असू शकते.