मागचं दिसतंय का?

चंदीगडमध्ये सेक्टर 67 शोधायला निघालात तर पोहोचाल मोहालीत, म्हणजे पंजाबात. राज्य बदलतं, सेक्टरांचे आकडे मात्र पुढे चालूच राहतात. (मूळ आखणीत 13 नंबर मात्र गाळला होता!)

इथल्या रुंद रस्त्यावर नव्या गाड्या आणणारा ट्रेलर रिव्हर्स घेताना दिसला, तर जरा थांबा. आपल्या चाकणहून निघतात तसंच हे लांबलचक धूड. आरशांत बाजू दिसतात, थेट मागचं काहीच नाही. त्यात ट्रेलरची शेपटी उजवीकडे न्यायची, तर स्टिअरिंग आधी डावीकडे फिरवायचं!

म्हणून वायरलेस कॅमेरा. तो रिव्हर्स लाइटच्या जोडणीतून वीज घेतो आणि केबिनमधल्या स्क्रीनवर चित्र पाठवतो. लांबच लांब वायर ओढायला नको, ट्रेलर सुटा करताना काढायलाही नको. पण मधल्या लोखंडाने सिग्नल अडखळतो. मग अँटेना ट्रेलरच्या पुढच्या टोकाला आणावी लागते.

तरी क्लीनर खाली उतरून हाका देत असेल तर मला तोच जास्त भरवशाचा वाटतो. भिंगावर चिखल बसतो, आणि कडेने धावत आलेलं पोर कॅमेऱ्यात उशिरा येतं. बघायला थांबलात तर मुलांचा हात धरा आणि ड्रायव्हरच्या आरशात दिसाल असे, लांब उभे राहा.