भुताला कल्याण स्टॉप आहे!

शुक्रवारची रात्र, दादरहून पकडलेली कल्याण फास्ट, लेडीज डबा. खिडकीची सीट मिळालीय, म्हणजे देव आहे यावर विश्वास ठेवायला आज हरकत नाही. कानात इयरफोन, मोबाइलवर कुठल्यातरी अमेरिकन गावात कुणाच्या तरी तळघरात काहीतरी खुडबुडतंय... आणि शेजारच्या काकू मटार सोलता सोलता माझ्या स्क्रीनमध्ये डोकं घालून विचारतात, ‘‘भुताचं आहे का गं? मग मला पण एक दे की कानात घालायला!’’

एक वायर त्यांच्या कानात, एक माझ्या. मुलुंड जाईपर्यंत काकूंचा निकाल लागला होता : ‘‘ही बया लाइट न लावता कशाला उतरतेय खाली? मरणारच मग.’’

ऑफिसमधल्या लंच टेबलावर आम्ही जे तासन्‌तास चघळतो, ते काकूंनी एका वाक्यात संपवलं. भुताच्या मालिका बघायला फिल्म इन्स्टिट्यूटची डिग्री लागत नाही, बॉस. नीट वळण लावणारी म्हातारी माणसं घरात लागतात. ती माझ्याकडे होती. म्हणजे आहे, आजी. पण तिच्याकडे येतेच.

तर मी या असल्या मालिकांची कट्टर फॅन आहे. भूत, पिशाच्च, पुनर्जन्म, परग्रह, टाइम मशीन, सगळं चालतं. आणि मी कट्टर कल्याणकर आहे. या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तो जरा दुखरा आहे.

जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचलीय? पानिपतात मराठे जिंकले असते तर, अशी गोष्ट. तिचा इंग्रजी अवतार ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात घेतला गेला. त्यातले प्रोफेसर त्या दुसऱ्या जगात पुण्याहून मुंबईला निघतात, गाडी जिजामाता एक्सप्रेस. लोणावळ्याला थांबते, कर्जतला जेमतेम टेकते, आणि कल्याण? धडधडत पास. पुढे एक लांब बोगदा, आणि बोगद्यापलीकडे सरहद्द नावाचं छोटं स्टेशन, तिथे परवाने तपासतात, कारण मुंबई अजून इंग्रजांची. गोष्टीत बोगद्याचं नाव नाही, पण सेंट्रल लाइनवर वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. पारसिक. १९१६ चा, सव्वा किलोमीटरहून लांब. आम्ही लहान असताना फास्ट लोकल त्यातूनच जायची आणि अंधार झाला की दारातली पोरं कारण नसताना ओरडायची. २०२२ मध्ये ठाणे-दिवा नवे ट्रॅक सुरू झाले आणि फास्ट लोकलची ती वाट सुटली, आता बोगदा मेल-एक्सप्रेसवाल्यांचा.

म्हणजे बघा, नारळीकरांच्या त्या जगात कल्याण मराठी राज्यात आणि माझं ऑफिस परदेशात. रोज सकाळी ८.१२ ला व्हिसा दाखवत लोंबकळायचं! मला ती कल्पना जाम आवडते. पण खुपतं एवढंच की मराठीतली माझी सगळ्यात लाडकी सायन्स फिक्शन माझ्या गावावरून हॉर्न मारत निघून जाते. ज्या स्टेशनात १ मे १८५४ ला, म्हणजे मुंबई-ठाणे गाडी सुटल्यावर अवघ्या वर्षभरात रेल्वे पोहोचली, तिथे ही गाडी थांबत नाही.

भुतं मात्र कल्याणला उतरतात. त्यांना स्टॉप आहे.

स्टेशनातून बाहेर पडून शिवाजी चौक, तिथून रिक्षाने पारनाका. मॉल आणि टॉवरवालं कल्याण वेगळं, हे वेगळं. इथे गल्ल्या रिक्षाला कोपर मारून जाव्यात इतक्या अरुंद. एका गल्लीत आमचा वाडा. दिंडी दरवाजा, ओटा, माजघर, करकरणारा लाकडी जिना, मागे परसात विहीर. एकेकाळी सहा बिऱ्हाडं होती, गेली काही वर्षं फक्त आजी. आईबाबा आणि मी मुरबाड रोडच्या फ्लॅटमध्ये, आजी ‘मला लिफ्टची भीती वाटते’ म्हणून इथे. लिफ्टची भीती! एकटी बाई, रात्री, त्या वाड्यात. विहिरीची भीती नाही.

माझं सगळं शिक्षण त्या माजघरात झालं. ‘आहट’ सुरू झालं १९९५ मध्ये, बी. पी. सिंगांचं. ते दार करकरलं की आमचा जिना त्याला साथ द्यायचा, डॉल्बी साउंड फुकट. स्टारवर ‘द एक्स-फाइल्स’ लागायचं तेव्हा मला इंग्रजी धड कळत नव्हतं आणि आजीला अजिबात नाही. तरी ती बघायची. मल्डर तिला आवडायचा, ‘‘बहिणीला शोधतोय बिचारा.’’ स्कली डॉक्टर असून मुर्दे काय कापते, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. आजही माझं मत तेच आहे जे तेव्हा तिचं होतं : एका भागात एक राक्षस, विषय संपला, ते भाग झक्कास. सरकारी कटकारस्थानाची ती लांबण सुरू झाली की चहा टाकायला उठावं.

पण खरं वेड लागलं ‘असंभव’चं. २००७ ते २००९, झी मराठी, सतीश राजवाडेचं दिग्दर्शन, चिन्मय मांडलेकरचं लेखन. वाडा, पुनर्जन्म, नीलम शिर्केची सुलेखा. ते लोडशेडिंगचे दिवस, कल्याणात दिवसाला काही तास अंधार ठरलेला. एका रात्री सुलेखाने नुसती मान वळवली आणि... लाइट गेले. वरच्या माडीवरून, शेजारच्या वाड्यातून, अख्ख्या गल्लीतून एकच ‘अरेऽऽ!’ उठला. आजीने कंदील लावला नाही. अंधारातच म्हणाली, ‘‘ऐका आता. पुढे काय होतं ते मी सांगते.’’ आणि वीस मिनिटं तिने उरलेला एपिसोड सांगितला. तिच्या मनातला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवाला बघितला तर खूपच मिळमिळीत वाटला.

त्याच मालिकेत मध्येच मानसी साळवी गेली आणि शुभ्रा म्हणून उर्मिला कानेटकर आली. मालिकेचा विषयच पुनर्जन्म, त्यामुळे आम्ही तेही चालवून घेतलं. (इंग्रजांच्या ‘डॉक्टर हू’ने ही अडचण १९६६ मध्येच सोडवली होती. नट बदलला? ठीक, डॉक्टरचं शरीरच बदलतं म्हणा. नंतर तीच गंमत त्या मालिकेची ओळख झाली. आपल्याकडे नवी सूनबाई पदर खोचून स्वयंपाकघरात येते आणि घरातला एकही माणूस चमकत नाही.)

मग माझा पगार सुरू झाला, लॅपटॉप आला आणि मी आजीला ‘सुपरनॅचरल’ दाखवलं. सॅम आणि डीन, दोन भाऊ, १९६७ ची काळी इम्पाला गाडी, गावोगावी जाऊन भुतं निपटतात. मी शेजारी बसून लाइव्ह भाषांतर करायची. भुताला अडवायला उंबऱ्यावर मीठ ओतायचं, लोखंड मारायचं, हाडं खणून मीठ टाकून जाळायची. आजी गंभीरपणे म्हणाली, ‘‘मीठ आणि लोखंड? दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्या असतात. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात. हे यांना कुणी सांगितलं?’’

इथे मला एक गोष्ट लख्ख कळली. भुताची मालिका चांगली की फालतू हे भुताच्या मेकअपवर ठरत नाही, नियमांवर ठरतं. आजीचे नियम पक्के. रात्री एका हाकेला ओ द्यायची नाही. भूत कारणाशिवाय येत नाही. आणि भूत आपली जागा सोडत नाही. ‘सुपरनॅचरल’च्या सुरुवातीच्या सीझन्समध्ये हे तिन्ही नियम होते. एरिक क्रिपकेने ती पाच सीझन्सची म्हणून रचली होती, तिथे ती संपायला हवी होती. चालली पंधरा, २०२० पर्यंत, ३२७ भाग. देवदूत, सैतान, शेवटी खुद्द देव! जगबुडी दरवर्षी यायला लागली की तिची दिवाळी होते. मला ते एका मोटेलमधलं, एका घरातलं, एका बाईचं भूत हवं होतं. ज्याचं काहीतरी राहून गेलंय असं. पेंडिंग फाइल.

म्हणून ‘रात्रीस खेळ चाले’ चाललं. २०१६ मध्ये आलं तेव्हा कोकणाची बदनामी करतात म्हणून तिकडे नाराजी उठली होती, आणि ती अगदीच चुकीची होती असंही मी म्हणणार नाही. पण त्या भुताला पत्ता होता : सावंतवाडीजवळचं आकेरी. गोव्याला जाताना आमच्या ऑफिस ग्रुपने २०१९ मध्ये मुद्दाम गाडी वळवली, तर त्या घरासमोर सेल्फीवाल्यांची ही गर्दी! ज्या वाड्याला घाबरून आपण चादर डोक्यावर घेतली, त्याच्यासमोर उभं राहून लोक व्हिक्टरीची दोन बोटं दाखवत होते. आणि माझं ठाम मत : त्याच वर्षी आलेला दुसरा भाग सगळ्यात भारी, कारण तो मागची गोष्ट सांगतो. माधव अभ्यंकरांचा अण्णा नाईक त्यात जिवंत आहे, आणि जिवंत अण्णा कुठल्याही भुतापेक्षा जास्त भयानक आहे. शेवंता काय, माई काय, त्या घरातल्या बायकांकडे बघा. अशा घरात भूत होणार नाही तर काय होणार?

सायन्स फिक्शनबद्दल मात्र मी चिडलेय. मराठी चॅनलवाल्यांकडे विषय काढा, उत्तर तयार : बजेट नाही. अहो, बजेट कशाला लागतं? ठाकुर्लीचं चोळे पॉवर हाउस आठवतंय? १९२९ मध्ये रेल्वेने गाड्यांना वीज द्यायला उभारलेलं, ऐंशीच्या दशकात बंद पडलेलं. रात्री एक्स-फाइल्स बघून सकाळी ट्रेनने जाताना आम्ही पोरी खिडकीतून त्या ओसाड सांगाड्याकडे बघायचो आणि आत नक्की काहीतरी आहे यावर आमचं एकमत असायचं. बाबा रेल्वेत, लोको शेडमध्ये. ते म्हणायचे, ‘‘एलियन कसले, भंगारचोर असतील.’’

२०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ आलं आणि मी उडालेच. छोटं गाव, गावाबाहेर सरकारी प्रयोगशाळा, सायकलवरची पोरं, मध्येच फडफडणारे दिवे. हॉकिन्स म्हणजे काय हो? अमेरिकेतलं ठाकुर्ली! दिवे फडफडण्यात तर आम्ही त्यांना वीस वर्षं सीनियर. ती मालिका २०२५ च्या अखेरीस संपली, जगभर लोक रडले. आपल्याकडे १९९८ मध्ये दूरदर्शनने ‘कॅप्टन व्योम’ला थेट अंतराळात पाठवलं, आणि सायन्स फिक्शन म्हणजे चंदेरी कपडे घालून पृथ्वी सोडायची, असा समज पक्का झाला. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली गोष्ट पाठवली ती आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून, नारायण विनायक जगताप या नावाने. नावाचा फायदा नको म्हणून. पुढे त्यांनी पंतांना अद्भुत दाखवलं ते पुणे-मुंबई रेल्वेने. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. त्यांच्या गोष्टींची दर आठवड्याला नेमाने लागणारी मराठी मालिका बघायची माझी इच्छा अजून तशीच आहे.

असो. मटारवाल्या काकू डोंबिवलीला उतरल्या, इयरफोन परत देताना म्हणाल्या, ‘‘शेवट कळव हं.’’ मी फोन बंद केला. कारण त्या शुक्रवारी मी घरी जात नव्हते, वाड्यावर जात होते.

वाडा बिल्डरला दिलाय. सह्या झाल्यात. आजीचीही. तिने फार वाद घातला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. मी पोचले तेव्हा माजघर रिकामं होतं. टीव्ही आधीच खडकपाड्याच्या भाड्याच्या फ्लॅटवर गेलेला, भिंतीवर त्याच्या मागचा पांढरा चौकोन तेवढा उरलेला. ‘‘चल,’’ आजी म्हणाली, ‘‘परसात जाऊन येऊ.’’

विहिरीतल्या बाईबद्दल आम्हा मुलांना एवढंच माहीत होतं की ती आहे, आणि अमावास्येला आजी कठड्यावर पणती ठेवते. त्या रात्री पहिल्यांदा तिने सांगितलं. या घरातली सून. आजी लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधीची. का उडी मारली ते कुणी बोलायचं नाही, नावही घ्यायचं नाही. आजीच्या सासूने मरताना फक्त पणतीचं सांगितलं होतं.

‘‘म्हणजे आता तू सोडून कुणालाच...’’

‘‘नाही. आता तुला.’’

पुढच्या आठवड्यात विहीर भरायला घेणार होते. मी आजवर शेकडो एपिसोड बघितलेत, पण जागाच बुजवली तर भुताचं काय होतं, हे मला एकाही मालिकेने सांगितलेलं नाही. मी आजीला तेच विचारलं. जागा सोडत नाही हा तुझाच नियम ना?

आजीने पणती लावली. वारा होता, दोनदा विझली. तिसऱ्यांदा तिने पदराचा आडोसा धरला आणि विहिरीत वाकून, पोस्टमनला सांगावं तशा आवाजात म्हणाली, ‘‘खडकपाडा. बी विंग. सातवा मजला. लिफ्ट आहे, पण तू जिन्याने ये. आणि तीन हाका मार, एकीला मी ओ देत नाही.’’