चतुर पकडा, पण कॅमेऱ्यात!

मोबाइलची गॅलरी उघडून बघा. फुलावर बसलेल्या फुलपाखराचा एखादा फोटो नक्की सापडेल. पण उडत्या फुलपाखराचा? हवेतल्या चतुराचा? बहुतेकांकडे तो नसतो, कारण उडता किडा टिपणं म्हणजे लाखभर रुपयांच्या कॅमेऱ्याचं काम, असं आपण धरून चालतो. माझ्याकडे भावाने वापरून ठेवून दिलेला, खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा आहे. लेन्स बदलता येत नाही, स्क्रीनवर ओरखडे आहेत. तरीही त्याच्यात उडते चतुर आहेत, टाचण्या आहेत, भुंगेसुद्धा आहेत. हे कसं जमतं, ते सांगते. त्यातून आमच्या गल्लीत आणि मागच्या शेतात काय घडलं, तेही सांगते.

पाच नद्यांचं गाव

नवऱ्याची बदली झाली म्हणून आम्ही चार वर्षांपूर्वी तिरुवैयारुला आलो. तंजावरपासून हे गाव साधारण 13 किलोमीटरवर. 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी, त्यावरून हे नाव. कावेरी तर गावातूनच वाहते. संत त्यागराजांची समाधी तिच्याच काठावर आहे आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला आराधनेसाठी देशभरातले गायक-वादक इथे येतात. त्यागराज इथे गात होते, तेव्हा तंजावरच्या गादीवर भोसले होते. बृहदीश्वराच्या देवळात 1803 सालचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. पहिल्यांदा तो पाहिला, तेव्हा परक्या गावात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं.

किड्यांसाठी मात्र इथे कुणी येत नाही. आणि किडे पाहावेत तर इथेच! मेट्टूर धरणाचं पाणी कालव्यांना सुटलं की भाताची खाचरं भरतात. चतुर पाण्यात अंडी घालतो, त्याची पिल्लं पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात. म्हणून पाणी आलं की काही आठवड्यांत बांधावर चतुरांची गर्दी होते. इथे त्यांना 'तट्टान' म्हणतात. तमिळमध्ये सोनारालाही तट्टानच म्हणतात. उन्हात चमकणारे ते पंख पाहिले की हे नाव पटतं. तट्टान खाली उडायला लागले की पाऊस येणार, असं शेजारच्या आजी खात्रीने सांगतात.

पंखांचा हिशेब

कॅमेरा हातात घेण्याआधी थोडं गणित समजून घ्या. चतुर सेकंदाला साधारण 30 वेळा पंख हलवतो. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतं उघडलं, तर तेवढ्या वेळात पंख जेमतेम हलतो आणि फोटोत स्पष्ट दिसतो. मधमाशी सेकंदाला 200 हून जास्त वेळा पंख मारते. तेवढ्याच वेळात तिच्या पंखाची पाव फेरी होऊन जाते आणि फोटोत नुसता धूसर पट्टा उरतो. म्हणून सुरुवात मधमाशीपासून करू नका. फुलपाखराचे पंख सावकाश हलतात हे खरं, पण त्याची वाट वेडीवाकडी असते आणि ते पुढे कुठे वळेल ते सांगता येत नाही.

शिकण्यासाठी चतुरासारखा गुरू नाही. तो हवेत एका जागी थांबतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे अनेक जातींचे चतुर काटकीवरून उडतात, भक्ष्य पकडतात आणि पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतात. आपलं सगळं काम या सवयीवर चालतं.

आता कृती

बांधावर बारीक, सरळ काटकी रोवा. सकाळी नऊ-दहाचं ऊन तुमच्या पाठीमागून यायला हवं, पण तुमची सावली काटकीवर पडायला नको. चतुराचे डोळे हजारो छोट्या डोळ्यांनी बनलेले असतात, त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. म्हणून झपकन पुढे जाऊ नका. खाली बसा, हळूहळू सरका आणि मीटरभर अंतरावर थांबा.

कॅमेऱ्यात 'स्पोर्ट्स मोड' असेल तर तो लावा. तो शटरचा वेग वाढवतो. काटकीच्या टोकावर नेम धरा आणि बटण अर्धवट दाबून ठेवा. साधा कॅमेरा बटण दाबल्यावर आधी फोकस शोधतो, त्यातच वेळ जातो आणि चतुर निघून जातो. अर्धवट दाबलेल्या बटणाने फोकस आधीच बसलेला असतो. चतुर उडाला की लगेच बटण दाबू नका. त्याला परत येऊ द्या. काटकीजवळ येताना तो क्षणभर वेग कमी करतो, तेव्हा दाबा. सलग फोटोंची सोय असेल तर चार-पाच घ्या. शंभर फोटोंत पाच चांगले आले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचा.

मोबाइल असेल तर फोकस स्क्रीनवर बोटाने दाबून कायम करा आणि 'प्रो मोड'मध्ये शटर 1/1000 किंवा त्याहून वेगवान ठेवा. एक गोष्ट लक्षात असू द्या: मोबाइल चित्र एकेक ओळ करून टिपतो, त्यामुळे वेगाने हलणारे पंख कधी वाकलेले दिसतात. त्यात तुमचा दोष नाही. मोबाइलचा दिवा म्हणजे कॅमेऱ्याचा फ्लॅश नव्हे, हेही ध्यानात ठेवा. जवळच्या वस्तूवर कॅमेऱ्याचा फ्लॅश अगदी क्षणार्धात चमकून विझतो आणि पंख गोठवतो. मोबाइलचा दिवा नुसता जळत राहतो.

साध्या कॅमेऱ्याचा एक फायदा मोठ्या कॅमेऱ्यालाही नसतो. त्याचा सेन्सर छोटा असल्यामुळे पुढचं-मागचं जास्त अंतर स्पष्ट येतं. चतुर काटकीच्या बोटभर पुढे-मागे असला, तरी बऱ्याचदा निभावून जातं.

आणि हे वेड नवं नाही. पॅरिसमध्ये ल्यूसियन बुल यांनी 1904 मध्ये विजेच्या ठिणग्यांच्या उजेडात उडत्या किड्यांची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं घेतली. इंग्लंडच्या स्टीफन डाल्टन यांनी 1970 च्या दशकात सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागापुरता चमकणारा फ्लॅश वापरून असे फोटो काढले, की उडणारा किडा नेमका कसा दिसतो ते सामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं. त्यांना जी यंत्रं स्वतः उभी करावी लागली, त्यातलं थोडंफार आज आपल्या खिशात आहे.

दोरा सोडा, कॅमेरा घ्या

चतुराच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचा खेळ महाराष्ट्रातल्या गावांत तुम्ही पाहिला असेल. इथेही तो आहे. आमच्या गल्लीतला तिसरीतला एक मुलगा या खेळात पटाईत. संध्याकाळपर्यंत त्याचे दोन-तीन चतुर मरायचे. रागावून काही उपयोग नव्हता. त्याच्या हातात दुसरं काहीतरी द्यायला हवं होतं. मी कॅमेरा पुढे केला आणि मोडक्यातोडक्या तमिळमध्ये अट घातली: दोरा सोडलास तर हा तुझा, अर्धा तास.

पहिल्या दिवशी त्याने नुसतं आभाळ टिपलं. आठवड्याने चतुराचा अर्धा पंख आला. महिन्याने एक फोटो असा आला, की चारही पंख वेगवेगळ्या कोनात! पुढची आणि मागची जोडी चतुर स्वतंत्रपणे हलवू शकतो, हे त्याने पुस्तकात वाचण्याआधी स्वतःच्या फोटोत पाहिलं. आता तो दारात येऊन "अक्का, कॅमेरा!" एवढंच म्हणतो. त्याच्या मागून आणखी चार मुलं येतात. दोरा कुणाच्याच हातात नसतो.

तोंडात काय आहे?

आमच्या घरामागे एका वयस्क शेतकऱ्याचं दोन एकर भात आहे. मी त्यांना अण्णा म्हणते. एका हंगामात पिकावर तपकिरी तुडतुडे दिसू लागले. हा किडा बुडख्याशी बसून रस शोषतो आणि शेतात करपल्यासारखे गोल डाग पडतात. अण्णांनी फवारणीवाल्याला निरोप धाडला होता.

त्या सकाळी काटकीवर परतलेल्या चतुराच्या तोंडात काहीतरी होतं. फोटो मोठा करून अण्णांना दाखवला. चष्मा वर-खाली करत त्यांनी बराच वेळ पाहिला. मग आम्ही दोघं खाचरात उतरलो, रोपं बाजूला करून बुडखे मोजू लागलो. तमिळनाडू कृषी विद्यापीठाचा सल्ला असा आहे, की फुटव्यामागे एक तुडतुडा झाला की औषध मारावं; पण शिकारी कोळी असतील तर दोन तुडतुड्यांपर्यंत थांबावं. अण्णांच्या शेतात कोळी होते, वर चतुर होते, खाली टाचण्या होत्या. अण्णांनी फवारणी पुढे ढकलली. त्या हंगामात औषध लागलंच नाही.

ही जादू नव्हे. पुढच्या हंगामात तुडतुडे वाढले आणि त्यांना औषध मारावं लागलं. पण आता ते आधी मोजतात. सरसकट फवारणीत तुडतुड्यांचे शत्रूही मरतात आणि मग तुडतुडे आणखी जोरात परत येतात. याच कारणाने इंडोनेशियाने 1986 मध्ये भातासाठी 57 कीटकनाशकांवर बंदी घातली होती. दोन एकरांच्या मालकाला औषधाचा एक फेरा वाचणं म्हणजे घरखर्चाचा प्रश्न असतो. बांधावरच्या माझ्या काटक्या अण्णांनी काढल्या नाहीत. उलट त्यांनी स्वतः आणखी सहा रोवल्या.

थोडं लांबचं

ऑक्टोबरच्या सुमारास पिवळसर-तपकिरी चतुरांचे थवे दिसले, तर आवर्जून थांबा. हा ग्लोब स्किमर. मालदीवमध्ये त्यांचे थवे वर्षानुवर्षं न्याहाळणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं, की हे चतुर भारतातून निघून मालदीवमार्गे समुद्र ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. परत येते ती त्यांची पुढची पिढी. जेमतेम दोन इंचांचा जीव! आपल्या अंगणातला चतुर खाचरात जन्मलेला आहे की समुद्रापार निघालेला पाहुणा, हे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही. पण तो टिपताना हात आपोआप हलका होतो.

तुमच्याकडे बांध नसेल, तर कुंडीत काटकी रोवा. तुळशीच्या मंजिऱ्यांवर माश्या घिरट्या घालतात, शेवग्याच्या फुलांवर भुंगे येतात. रविवारी अर्धा तास काढा, घरातल्या लहानग्याला शेजारी बसवा, बटण अर्धवट दाबून ठेवा आणि वाट बघा. तो परत येतो.