मोत्याबरोबर वरंध घाटात

सृष्टिसौंदर्य हे डोळ्यांनीच भोगावयाचे असते, असे आपण न बोलता गृहीत धरून चालतो. भाषेनेही ही समजूत पक्की करून टाकली आहे. डोंगरावरून दिसते ते दृश्य, सहलीला गेलेला मनुष्य प्रेक्षक, आणि जेथे मोटारी थांबतात ती जागा प्रेक्षणीय! नाकाला, कानाला आणि कातडीला या व्यवहारात कोणी पुसत नाही. कड्याशी उभे राहून डोळे भरून पाहिले आणि चार छायाचित्रे घेतली, की त्या मुलखाचे देणे फिटले असे मानून आपण परत फिरतो.

हा विचार आमच्या मनात येण्यास मोत्या कारण झाला. मोत्या हा आमचा कुत्रा. त्याचे कूळ सांगण्यासारखे नाही. बारा वर्षांपूर्वी पावसात कुडकुडत असलेले एक गावठी पिल्लू आमच्या चिरंजिवांनी सदऱ्यात गुंडाळून घरी आणले, आणि त्याच्या पांढऱ्याशुभ्र रंगावरून त्याचे नाव मोत्या ठेवले. दैवाची थट्टा अशी, की उतारवयात त्या मोत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूच पडला. शस्त्रक्रिया करता येते. परंतु याच्या हृदयाला भुलीचे औषध सोसणार नाही, असे पशुवैद्यांनी सांगितले, आणि तो विषय तेथेच मिटला.

तेव्हापासून मोत्याने आपला संसार आवरता घेतला. खुर्ची जागची हलली की तो तिच्यावर आदळे आणि ओशाळल्यासारखा उभा राही. फाटकाशी जाऊन भुंकणे त्याने सोडले. पोस्टमन आला तरी पलंगाखालून फक्त शेपटीचा एक आवाज येई. दृष्टी गेल्याचे दुःख त्याला किती होते, ते त्याचे त्यालाच ठाऊक. पण जगाविषयीचे त्याचे कुतूहलच आटत चाललेले दिसत होते, आणि आम्हांला बोचत होते ते हेच.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भोरवरून वरंध घाटात जाण्याचा बेत ठरला, तेव्हा मोत्यालाही न्यावे असे चिरंजीव म्हणाले. शेजारच्या अप्पांना हे कळताच त्यांनी कुंपणावरूनच विचारले, "अहो, आंधळ्या कुत्र्याला घाट दाखवायला नेता की काय?" यावर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अप्पा, धर्मराजाने कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात बसायचं नाकारलं. आपली तर साधी मोटार आहे, आणि जायचं आहे ते नुसतं घाटापर्यंत!" अप्पांनाही हसू आवरेना.

कुत्र्यांना मानाने वाहनात बसविण्याची आपल्याकडे आणखीही एक परंपरा आहे. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू छत्रपतींच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत वाघापासून त्याने छत्रपतींना वाचविले आणि त्याबद्दल त्याला पालखीचा मान मिळाला, अशी कथा सांगतात. आमच्या मोत्याच्या नावावर असला पराक्रम एकही नाही. एकदा चोर समजून त्याने आमच्याच मेव्हण्यांचे धोतर धरले होते, एवढीच काय ती त्याची कामगिरी. तरीही मागची अर्धी बैठक त्याला मिळाली. पराक्रमावाचून पालखी मिळते ती फक्त घरच्यांकडूनच.

चिरंजीव मोटार चालवीत होते आणि मोत्याला धरून आम्ही मागे बसलो होतो. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत तो आमच्या मांडीवर डोके ठेवून धापा टाकीत होता. सातारा रस्ता सोडून कापूरहोळला मोटार उजवीकडे भोरच्या वाटेला लागली आणि आम्ही काच चार बोटे खाली केली. मोत्याने डोके वर उचलले. त्या फटीशी नाक नेऊन तो जो बसला तो भोर येईपर्यंत हलला नाही.

माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी सुमारे ६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात २० ते ३० कोटी असतात, असे शास्त्रज्ञ सांगतात. शिवाय कुत्रा श्वास सोडतो तो नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून. त्यामुळे आत येणाऱ्या नव्या वासाची वाट अडत नाही. हे आम्ही पूर्वी वाचले होते. परंतु त्या दिवशी ती ओली नाकपुडी क्षणाक्षणाला थरथरताना जवळून पाहिली आणि वाचलेल्याचा अर्थ उमगला. गोठा आला की नाकपुडी एका रीतीने हले, भाताची कापणी चाललेले खाचर आले की दुसऱ्या. वेळवंडीवरचे भाटघरचे धरण १९२८ साली पुरे झाले, अशी माहिती आम्ही मंडळींना देत होतो. इकडे मोत्याने वाऱ्यातून काय काय माहिती मिळविली असेल, ती आमच्या सनावळीहून खात्रीने ताजी होती!

भोर मागे पडले. नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेने रस्ता पश्चिमेकडे वळत गेला. उतारांवर सोनकीचा पिवळा रंग अजून टिकून होता. शिरगावच्या परिसरात नीरेचा उगम आहे. येथे पडलेला पाऊस नीरेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळत मिळत बंगालच्या उपसागराला जातो. आणि चार पावले पलीकडे पडलेला सावित्रीच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्र गाठतो. हे नवल डोळ्यांनी पाहावे म्हणून आम्ही आलो होतो. पण कावळ्या किल्ल्याचा डोंगर फोडून काढलेल्या त्या रस्त्यावर मोटार पोहोचली तो कोकणातून ढग वर चढले होते. कठड्यापलीकडे पांढऱ्या धुक्याखेरीज काहीच नव्हते.

वाघजाईच्या देवळाजवळ भज्यांच्या टपऱ्या आहेत. तेथे मंडळी उतरली आणि खट्टू होऊन उभी राहिली. समर्थांनी दासबोध रचला असे ज्या स्थानाविषयी मानतात, आणि जी १९३० साली शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढली, ती शिवथरघळ या बाजूला असावी, असे म्हणून चिरंजीव धुक्याकडेच बोट दाखवीत होते. इतका लांब येऊन काही दिसेना, म्हणून सौभाग्यवतींचाही विरस झाला. डोळे धड असलेले आम्ही तिघे त्या घटकेला मोत्याइतकेच आंधळे होतो.

मोत्या मात्र कठड्याशी ताठ उभा होता. खालून येणाऱ्या वाऱ्यात मान उंच करून तो दरी हुंगत होता. कितीतरी महिन्यांत त्याचे कान असे उभे झालेले आम्ही पाहिले नव्हते. एकाएकी त्याच्या पाठीवरचे केस फुलले आणि घशातून खोल गुरगुर निघाली. टपरीवाल्या बाईने झारा खाली ठेवला. म्हणाली, "ताई, त्याची साखळी आखूड धरा. परवाच आमच्या वाडीतलं कुत्रं बिबट्यानं नेलं." मग मोत्याच्या डोळ्यांकडे निरखून पाहून ती पुढे म्हणाली, "म्हाताऱ्याला दिसत नाय वाटतं. पर त्याला कळलंया."

बिबट्याला कुत्रे फार आवडते. अकोले तालुक्यात झालेल्या अभ्यासात त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला होता. खरोखरच बिबट्याचा वास आला होता की कसे, ते आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. परंतु ज्याला पलंगाखालून बाहेर येण्याची उमेद उरली नव्हती, तो आता आपल्या तिघांच्या पुढे उभा राहून अख्ख्या कोकणाला दम देत होता, एवढे मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिले. सौभाग्यवतींनी साखळी मनगटाला गुंडाळून घेतली, आणि दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला.

तो शांत झाल्यावर आम्हीही कठड्याशी गप्प उभे राहिलो. हळूहळू जाणवू लागले, की दरीत कोठेतरी पाणी कोसळत आहे. ओल्या कातळाचा वास निराळा आणि चुलीच्या धुराचा निराळा. घाटावरच्या कोरड्या गारव्यात खालून येणारी दमट ऊब मिसळते आहे, हे गालाला कळत होते. घाट आणि कोकण यांची सीमा नकाशात एका रेघेने दाखवितात. ती अशी अंगावर पूर्वी कधी आली नव्हती. अर्ध्या तासाने ढग फाटले. हिरवी दरी आणि तिच्या तळाशी वाड्यांची कौले दिसली, आणि पुन्हा झाकली गेली. ते दर्शन सुंदर होते. पण त्याच्यासाठी मघापासून आम्ही ताटकळत होतो, असे मात्र कोणाला वाटले नाही.

मोत्याची दृष्टी त्या दिवसाने परत आली नाही, येणारही नाही. खुर्चीवर तो आजही आदळतो. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाखालची जागा रिकामी दिसली, म्हणून आम्ही बाहेर येऊन पाहिले. मोटारीच्या चारही चाकांना घाटातला चिखल वाळून चिकटला होता, आणि मोत्या एकेक चाक सावकाश हुंगीत सगळा रस्ता पुन्हा वाचीत होता. सौभाग्यवती मोटार धुण्यासाठी बादली घेऊन आल्या होत्या. त्यांनी ती पायरीवर ठेवली आणि मोटार उद्या धुवू, असे म्हणाल्या.