धारवा

मराठी विश्वकोशात बेअरिंगला ‘धारवा’ असा शब्द आहे. विश्वकोशाचे कार्यालय वाईत, आम्ही दोघेही वाईत आणि दोघेही मराठीचे प्राध्यापक. तरीही हा शब्द आमच्या तोंडून कधी निघाल्याचे आठवत नाही. गॅरेजात ‘बेरिंग’ म्हणतात, आम्हीही तेच म्हणत आलो. धारण करतो तो धारवा, एवढी साधी गोष्ट कळायला गाडीचे डावे पुढचे चाक खोलावे लागले.

आमच्यापैकी एकाचे महाविद्यालय गावातच आहे. दुसरीला रोज पसरणीचा घाट चढावा लागतो. त्या घाटात गाडी गुणगुणू लागली. वेग वाढला की सूर चढे. उजव्या वळणावर तो घुमे आणि डाव्या वळणावर जवळजवळ विरून जाई. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो, तेव्हा दोष कोणत्या बाजूला आहे हे घाटानेच सांगितले. एका गॅरेजात बेअरिंग बदलून घेतले. ते घणाने ठोकून बसवताना आम्ही समोर उभे होतो. चार महिन्यांत तीच गुणगुण परत आली. मग त्या कारागिराविषयी आम्ही जे बोललो ते काही आमच्या पेशाला शोभणारे नव्हते. स्टाफरूममध्ये बोललो, एका लग्नाच्या पंगतीतही बोललो. ‘कुणाला कामाची चाडच उरलेली नाही’ हे त्यातले सौम्य वाक्य. आणि त्याच तावात ठरवले, की आता हे काम आपणच करायचे.

चाक जमिनीवर असतानाच आसाचा नट सैल करावा लागतो. त्या नटाची कड आसाच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती आधी छिन्नीने उचलायची, मग एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पान्याच्या लांब दांड्यावर उभे राहायचे. त्यानंतर गाडी स्टँडवर घेऊन चाक, कॅलिपर आणि डिस्क काढायची. कॅलिपर तारेने टांगून ठेवायचा, त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर येता कामा नये. अखेर गॅरेजवाले ज्याला ‘नकल’ म्हणतात (परीक्षेच्या दिवसांत हा शब्द ऐकून आमचे कान उगाचच टवकारतात) तो ओतीव लोखंडाचा अवजड तुकडा सुटा होऊन आमच्या जेवणाच्या टेबलावर, वर्तमानपत्रावर येऊन बसला.

बेअरिंगची रचना ऐकायला सोपी आहे. बाहेर एक कडे, आत दोन कडी, मध्ये पोलादी गोळ्यांच्या दोन रांगा. बाहेरचे कडे नकलेत घट्ट बसते. आतल्या कड्यांत हब घट्ट बसतो. हब म्हणजे चाक ज्याला बोल्टांनी जोडतात तो भाग. आजोळच्या बैलगाडीत आरे ज्यात रोवलेले असत त्या लाकडी गाभ्याला तुंबा म्हणत, तोच हा. या सगळ्या जागा केसभर तंग ठेवलेल्या असतात. त्यामुळे निव्वळ दाबाखेरीज काही आत जात नाही आणि बाहेरही येत नाही. जुना हब निघाला तो एक आतले कडे अंगाला चिकटवूनच. हबला धक्का न लावता त्या कड्याला ग्राइंडरने तिरकी खाच पाडली आणि छिन्नीचा एक घाव घातला. कडे तडकले. इतके कठीण पोलाद इतके ठिसूळ असते, याचे आम्हाला उगाच वाईट वाटले.

नवे बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी ठेवले, म्हणजे ते किंचित आकसते. नकल उन्हात तापवली. आटे पाडलेली सळई, दोन नट, जाड चकत्या आणि भंगारातून आणलेले पाइपाचे तुकडे, एवढ्यावर आमचा प्रेस उभा राहिला. बेअरिंग नकलेत सरळ गेले, सर्क्लिप खाचेत टक् करून बसली. त्या आवाजाने आम्ही फार खूश झालो. पुढे हब ओढून घेताना मागच्या बाजूची चकती आम्ही बाहेरच्या कड्यावर टेकवली. ती आतल्या कड्यावर टेकायला हवी होती. हब आत गेला, हाताने फिरवला तर गुळगुळीत फिरलाही. अकराव्या दिवशी घाटात गुणगुण सुरू झाली.

हबाने आतले कडे ढकलले, त्या कड्याने गोळ्या ढकलल्या आणि गोळ्यांनी बाहेरचे कडे. म्हणजे सगळा जोर गोळ्यांमधून गेला आणि जिथे गोळ्या टेकल्या तिथे कड्यांवर बारीक खळ्या उमटल्या. या दोषाला ब्रिनेलिंग म्हणतात. योहान आउगुस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने १९०० साली धातूची कठीणता मोजण्याची पद्धत मांडली. कठीण गोळी ठरावीक जोराने धातूवर दाबायची आणि उमटलेल्या खळीचा व्यास मोजायचा. आम्ही जेवणाच्या टेबलावर नेमकी तीच चाचणी केली होती, फक्त व्यास मोजायचा राहिला. बसवतानाच झालेली ही इजा बाहेरून दिसत नाही. तेव्हा ऐकूही येत नाही.

दुसरे बेअरिंग आणायला निघालो तेव्हा वाटेत ते गॅरेज लागले, आणि विसरलेले एक वाक्य आठवले. “सर, माझ्याकडं प्रेस नाही. साताऱ्याहून दाबून आणतो, एक दिवस जाईल,” असे तो त्या वेळी म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तास होता. गाडी आजच हवी, असे आम्हीच सांगितले होते. घण आमच्या घाईचा होता. स्टाफरूममध्ये गोष्टीचा हा भाग आम्ही अजून सांगितलेला नाही.

दुसऱ्या खेपेला आतल्या कड्याला बरोबर टेकेल असा पाइप शोधण्यातच अर्धा दिवस गेला. मग प्रत्येक वेढ्याआधी थांबून जोर कुठून कुठे जातो आहे हे एकमेकांना मोठ्याने सांगायचे, असा नियम केला. आसाचा नट नवा घातला आणि चाक जमिनीवर टेकवून टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिला होता तेवढाच आवळला. मध्यंतरी गाडी इंचभरही ढकलली नाही, कारण नट सैल असताना चाकावर वजन पडून ते फिरले तरी बेअरिंग बिघडते.

पहिल्या दिवशी तास एकीचाच होता, पण घाटात दोघे गेलो. काचा वर, रेडिओ बंद. एकेक उजवे वळण आले की आम्ही बोलायचे थांबत होतो. पाचगणीला उतरून दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मध्याजवळ हात धरून पाहिला. ऊब सारखीच होती.

दुसऱ्या दिवशी ती एकटी गेली. आठ वाजून दहा मिनिटांनी ‘पोहोचले’ एवढाच निरोप आला. इतकी वर्षे परक्या हातांनी बसवलेल्या चाकांवर हा घाट रोज चढला गेला, पण असा निरोप धाडायची पद्धत आमच्यात कधी नव्हती.