सुट्टीतले किल्लेदार

दिवाळीची सुट्टी लागली की सदाशिव पेठेतली आमची इमारत गावाला जाते. मागे उरतो आम्ही आणि समोरचे निवृत्त काका-काकू. त्यांचा मुलगा टोरांटोला. तिकडे दिवाळीला सुट्टी नसते. मग अकरा बिऱ्हाडांच्या किल्ल्या काकूंच्या खिळ्याला लटकतात. इतके किल्ले पेशव्यांच्या एखाद्या सरदाराकडेही नसतील!

काका सकाळी मजल्यामजल्यावरच्या तुळशींना पाणी घालतात आणि मग दोघं 'प्रवासाला' निघतात. सोमवारी पर्वती. पायऱ्या १०३, पण काकांच्या हिशेबात दर वर्षी १०५ भरतात. तेवढा वाद खाली उतरेपर्यंत पुरतो. मंगळवारी सारसबाग, घरून नेलेल्या चिवड्यासह. (बाहेरची भेळ महाग, असं काका म्हणतात, तिखट, असं काकू.)

आणि बुधवारी चक्क आमची बँक! नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२१ पासून तो मोबाइलला चेहरा दाखवूनही देता येतो, असं मी काकांना सांगितलं.

"मोबाइलला काय कळतंय? तू बघ मी जिवंत आहे का ते!"

मी बघितलं. काकूंनी काउंटरवर चकल्यांचा डबा ठेवला.

"आणि माझा दाखला रे?"

"तुम्हाला पेन्शन कुठे आहे, काकू? बँकेला तुमच्या हयातीची गरज नाही."

"मला आहे," काका सही करता करता म्हणाले. मग खाकरून, "म्हणजे, अकरा किल्ल्या सांभाळायच्यात."